दस्तीखालचा अंदाज

त्या कंपनीचे शेअर मी पैसा कमवायला घेतले नाहीत. भांडायला घेतले.

कंपनी सोयाबीनचं तेल काढते. कारखाना लातूर-नांदेड रस्त्यावर, आणि नाव शेअर बाजारात. मी लातूरच्या यार्डात आडतीवर बसतो. एका हंगामात माझे सोयाबीनचे ट्रक त्यांच्या गेटवर रात्रभर उभे राहिले आणि सकाळी माल ओला म्हणून परत फिरवले. माझा माल ओला नव्हता. मी तळहातावर दाणा घेऊन दाताखाली फोडून बघतो, तेव्हा कुठे पोतं शिवू देतो. पण त्यांच्या मशिनीने ओला म्हटलं, म्हणजे ओला.

मशिनीपलीकडे उभा होता त्यांचा खरेदी अधिकारी. हा माणूस पूर्वी आमच्याच यार्डात खरेदीदार होता. आम्ही एका बशीत चहा प्यायलेलो. कंपनीने त्याला नोकरी दिली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, आणि त्या दिवशी तो मला म्हणाला, "सिस्टीम घेऊन नाही राहिली, शेठ." मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. साहेबांना भेटायला आत गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने मेल करायला सांगितलं. पुढे कुणीतरी म्हणालं, भागधारक असलात तर कंपनीच्या मेळाव्याला तुम्हाला अडवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मी शेअर घेतले. अगदी थोडे. भांडायला पुरतील एवढे.

मेळावा नांदेडच्या एका मोठ्या हॉटेलात होता. माझ्याबरोबर दाजी होते, माझ्या अक्काचे मालक, आदल्या रात्री लातूरला माझ्याकडेच मुक्कामी होते. धर्माबादला त्यांचा मिरचीचा व्यापार. बाजारात मोक्याचा गाळा, आणि पलीकडच्या तेलंगणातून येणारी बांधलेली गिऱ्हाइकं. कंपनीने जाहीर केलं होतं की या वर्षी खरेदी एवढी वाढणार की धर्माबाद, जळकोट, रेणापूर, सगळीकडे केंद्रं काढावी लागतील. धर्माबादचं केंद्र दाजींना मिळत होतं. अट एकच, दुसरा कुठलाही व्यापार करायचा नाही. म्हणजे मिरची बंद, गाळा सोडायचा. आणि धर्माबादच्या बाजारात सोडलेला गाळा पुन्हा मिळतो, असं मी तरी ऐकलेलं नाही. मेळाव्यात जेवणानंतर करारावर सह्या व्हायच्या होत्या. दाजींनी त्यासाठी नवा पेन घेतला होता.

मी त्यांना वाटेत समजावलं की त्या कारखान्यासमोरचा धाबा ऐन हंगामात बंद पडलाय. ट्रकवाले रांगेत थांबत होते तेव्हा तिथे खाटेवर जागा मिळत नव्हती. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमचे ट्रक परत आले म्हणून साऱ्या जगाचे येतेत का?"

माझ्या रागाचा हा एक तोटा आहे. मी खरं बोललो तरी लोकांना तो रागच वाटतो.

मेळाव्यात पुण्याहून आलेले वित्तप्रमुख बोलले. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, सूट उत्तम. पडद्यावर वर जाणाऱ्या काठ्या. शेवटी ते म्हणाले की वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या खरेदीच्या वार्षिक अंदाजाचा कंपनी आज पुनरुच्चार करत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांचं कोडं पडलं. त्यांनी काही नवीन केलं नव्हतं, जुनंच पुन्हा सांगितलं होतं. मीही रोज सकाळी घरी सांगून निघतो की दुपारी वेळेवर जेवायला येईन. वर्षानुवर्षं सांगतोय. बायकोने कधी टाळी वाजवली नाही, ती माझं ताट झाकून ठेवते आणि स्वतः जेवून घेते. आणि यार्डात एखादा व्यापारी विचारल्याशिवाय पुन्हा पुन्हा सांगायला लागला की माल मुबलक आहे, तर आम्ही आधी त्याच्या गोदामात डोकावतो.

मी उभा राहिलो. विचारलं, अंदाज कायम आहे तर गेटवर ट्रक का दिसत नाहीत? वित्तप्रमुख म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे. त्यांच्या शेजारचे म्हणाले, असे जागरूक भागधारक हीच कंपनीची ताकद. तिसऱ्यांनी माझे आभार मानले. मग दुसऱ्या माणसाच्या हातात माइक गेला. भांडायला आलेल्या माणसाची इतकी स्तुती करून त्याला खाली बसवता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

जेवणाच्या वेळी मला खरेदी अधिकारी सापडला. ताटात भात घेऊन खांबाशी उभा होता, कुणी आपल्याशी बोलू नये अशा बेताने. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ट्रकांचं पहिल्यापासून काढलं. त्याने ऐकून घेतलं. मग मी मोठ्याने विचारलं, "साहेबांनी सांगितलं तेवढी खरेदी होणार हाय का यंदा?"

वित्तप्रमुख दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. त्याने एकदा तिकडे बघितलं. "हाव शेठ. सांगितलं ते कायम हाय."

इथे आमच्या यार्डातली एक पद्धत सांगायला हवी. आता बोली उघड होते, भाव पाटीवर लागतो. पण आमच्या वयाच्या लोकांचा जन्म दस्तीखाली गेला. दस्ती म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल. दोघांनी हात हातात द्यायचे, वर दस्ती टाकायची, आणि बोटं दाबून भाव करायचा. तोंडाने काय वाटेल ते बोलावं, शिव्या द्याव्यात, देवाची शपथ घ्यावी, ते सगळं भोवतीच्या लोकांसाठी. खरं ते बोटांचं. दस्तीखाली दिलेला आकडा मागे घेत नाहीत, आणि तिसऱ्याला बोलून दाखवत नाहीत. यार्डात मी हर तऱ्हेची लबाडी बघितली, थोडी केलीही. पण दस्तीखाली खोटं बोललेला माणूस बघितला नाही. तसा कुणी निघाला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात कुणी हातात घेतला नसता.

मी खांद्यावरची दस्ती काढली आणि हात पुढे केला.

त्याने ओळखलं. गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. तेवढ्यात वित्तप्रमुख जवळ आले आणि कुतूहलाने विचारू लागले की हे काय. मी सांगितलं, आमच्याकडची जुनी रीत आहे, दोस्ती नव्याने करायची असली की करतो. ते खूश झाले, फोटोग्राफरला बोलावलं, आणि खरेदी अधिकाऱ्याला म्हणाले, "करा ना, करा."

आता साहेबांचाच हुकूम. त्याने ताट खाली ठेवलं, हात पँटला पुसला आणि माझ्या हातात दिला. मी वर दस्ती टाकली आणि माझा अख्खा पंजा त्याच्या हातात उघडा ठेवला. म्हणजे, पाचही बोटं, सांगितलं ते सगळं?

फोटोग्राफर म्हणाला, इकडे बघा. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं. हसलोसुद्धा. आणि हसता हसता त्याने माझी करंगळी मिटवली. मग तिच्या शेजारचं बोट मिटवलं. मग मधलं. उरलेली दोन बोटं त्याने जरा दाबली आणि हात सोडला.

"कायम हाय, शेठ," तो पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि ताट उचलून निघून गेला.

मला आनंद झाला नाही. आलो होतो त्याला चारचौघांत खाली बघायला लावायला, आणि त्याने माझ्या हातात स्वतःची नोकरी देऊन टाकली होती. असल्या माणसावर राग धरणं फार जड जातं.

बाहेर सह्यांचं टेबल मांडलं होतं. दाजी रांगेत पुढे पोचले होते. मी त्यांना बाजूला ओढून म्हणालो, सही करू नका.

"कामून?"

सांगता येत नव्हतं. तोंडाने सांगायचं नाही, ही रीत. मी म्हणालो, माझं ऐका. दाजी वैतागले. म्हणाले, "सकाळपासून तेच ऐकून राहिलो. तुमचं भांडण तुम्ही भांडा. माझ्या लेकरांच्या आड येऊ नका." टेबलावरच्या मुलीने त्यांच्यापुढे कागद सरकवला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मग मी विचार केला की रीत तोंडाची आहे. बोटांनी सांगू नये असं मला कुणी शिकवलेलं नाही. आयुष्यभर असेच बारकावे शोधून पोट भरलंय.

मी दाजींचा पेनाशिवायचा हात धरला आणि वर दस्ती टाकली. टेबलावरची मुलगी बघत राहिली. मी त्यांची तीन बोटं एकेक करून मिटवली, दोन ठेवली, दाबली. आणि मानेने खरेदी अधिकाऱ्याकडे खूण केली. तो दूर आपलं ताट ठेवायची जागा शोधत होता.

दाजी मिरचीतले असले तरी बाजारातले आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता, पण दस्तीखाली मी कधी खोटं बोललो नव्हतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मुलीला म्हणाले, "बाई, घरी विचारून येतो." अक्काला त्यांनी उभ्या आयुष्यात काही विचारलेलं नाही.

पुढच्या तिमाहीत कंपनीने अंदाजाचा पुन्हा पुनरुच्चार केला. वर्ष सरता सरता मात्र 'सुधारित अंदाज' असा शब्द आला. सुधारित म्हणजे खाली, हे मला तेव्हा कळलं. धर्माबादचं केंद्र निघालंच नाही. जळकोटला पाटी लागली, तिच्याखाली आता शेळ्या बसतात. दाजी अजून गाळ्यात आहेत आणि दिवसभर शिंकतात.

भागधारक असल्याने कंपनीचा अहवाल माझ्या घरी आला. चकचकीत कागद. त्यात आमचा फोटो आहे, अर्धं पान भरून. मी आणि खरेदी अधिकारी हसतोय, मधे दस्ती. खाली छापलंय की पुरवठादारांशी असलेलं पारदर्शक नातं हाच कंपनीचा पाया. अख्ख्या अहवालात खरं ते तेवढंच होतं, आणि ते नेमकं रुमालाने झाकलेलं.

खरेदी अधिकारी नोकरीवर आहे. यार्डाकडे आला की माझ्याकडे चहाला थांबतो. मी दर वेळी ट्रकांचं काढतो. तो दर वेळी म्हणतो, माल ओला होता. मी आवाज चढवतो, तो चहा संपवतो.

मागे एकदा दाजी तिथे बसलेले होते. आमचं चालू असताना त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची दस्ती काढून माझ्यापुढे धरली. म्हणाले, "उगं कशाला वरडून राहिले? ट्रकाचं बी एकदा दस्तीखाली विचारा की."

खरेदी अधिकाऱ्याने लगेच हात पुढे केला.

मी दोघांनाही सांगितलं की दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि चहाचे कप उचलायला लावले.