एन्नोरचं गिऱ्हाईक

शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत संपली. अक्षरही माझ्या शिवणासारखंच येतं, एकाला एक चिकटून, ते उसवत उसवत वाचावं लागतं. तसं कुणी वाचेल असं नाही. ही वही मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली असते. पण स्टिअरिंग राव गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्याशी मी जे केलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत राव चालत नसत, गाडी चालवत. दोन्ही हात छातीसमोर थोडे उचललेले. गल्ली वळली की हात वळायचे, आधी उजवा वर, मग डावा. रस्ता ओलांडण्याआधी ते उजव्या खांद्यावरून मागे बघत, जणू तिथे आरसा आहे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. डोळे अधू झाले म्हणून ती सुटली, पण हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना स्टिअरिंग राव म्हणायची. मी रावमामा म्हणायचे.

ओळख झाली ती पाण्याच्या लॉरीपाशी. लग्न होऊन मद्रासला आले त्याला दहा वर्षं झाली होती, तरी चारचौघांत तमिळ बोलायची मला लाज वाटायची. त्या दिवशी कुणीतरी माझी घागर मागे सारली आणि मी तोंडातल्या तोंडात मराठीत चरफडले. मागून आवाज आला, "मोठ्यानें म्हण गे मुली. हळू म्हटलें तर घागर पुढें जाईल काय?" मी दचकून वळले. त्यांनीच माझी घागर उचलून रांगेत पुढे ठेवली. राव तंजावरकडचे. त्यांची मराठी म्हणजे पोथीतून उठून आलेली, मध्येच तमिळ घातलेली. मला ते 'देशाकडची' म्हणत. मी विट्याकडची, पण त्यांच्या लेखी सातारा, सांगली, पुणं सगळा एकच देश. आम्ही दोघं एकाच आवारात राहत होतो, ते पुढच्या खोलीत एकटे, आम्ही मागच्या दोन खोल्यांत.

मग कोपऱ्यावर काँप्युटर सेंटर निघालं. सहा काँप्युटर, तासावर पैसे. शेजारच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये राहणारे, नोकरी शोधत आलेले बाप्ये रविवारी तिथे मोटारींच्या शर्यती खेळायचे. राव एकदा दारात उभे राहून बघत होते. घरी आले ते चिडूनच. "बोटांनी टक टक करतात, गाडी वळते! शर्यत आहे कीं टायपिंगची परीक्षा? हातांत चाक नाहीं, पायांत ब्रेक नाहीं. हें कसलें चालवणें?"

आठ दिवसांत त्यांनी चाक केलं. प्लायवूडचा गोल कापून त्यावर सायकलची ट्यूब ताणली. दांडा सायकलच्या हँडलचा, बेअरिंगसकट. हात सोडला की चाक आपोआप सरळ यावं म्हणून लॉरीच्या ट्यूबचे दोन रबरी पट्टे दोन बाजूंनी बांधले. दांड्याच्या टोकाला जुन्या रेडिओचं आवाज लहानमोठा करायचं बटण जोडलं. चाक फिरलं की ते फिरायचं आणि त्याची तार काँप्युटरला सांगायची, गाडी किती वळली. मला ते कधीच नीट समजलं नाही. पायाखालच्या पट्ट्या मात्र समजल्या, कारण त्यांना दाराच्या बिजागऱ्या होत्या. गिअरसाठी चांदीचे छोटे ठिपके लागत. जुन्या टेलिफोनच्या भंगारातून ते काढलेले. "चांदी वाकडी बोलत नाहीं," मामा म्हणायचे. "तांब्याचा गिअर चुकतो, चांदीचा नाहीं."

ब्रेकबद्दल ते फार कडक होते. वेगाच्या पट्टीला लहान स्प्रिंग, ब्रेकला सायकलच्या सीटची जाड स्प्रिंग. सेंटरचा मालक म्हणाला, सार, पोरांचे पाय दुखतात, हलका करा. मामा म्हणाले, "दुखूं दे. ब्रेक दाबतांना माणसाला कळलें पाहिजे, कीं आपण कांहीं थांबवतों आहों."

चाकाला रेक्झिन मी शिवायचे. टाका आतल्या बाजूने, तळव्याला लागता कामा नये. पहिलं चाक शिवून दिलं तेव्हा मामांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हें चाक शिवलेंस कीं उगवलेंस?" माझ्या कामाला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. ते पहिलं चाक, पायाच्या पट्ट्यांसकट, त्यांनी मापासाठी माझ्याकडेच ठेवलं. सेंटरवाल्याने सहा जोड सांगितले, उन्हाळ्याच्या सुटीआधी हवेत म्हणून आगाऊ पैसेही दिले.

त्याच सुमाराला मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नंतर दोन महिने वाकायचं नाही, धुरापाशी बसायचं नाही. मामांनी विचार केला, बारीक काम आधी उरकावं, जाड काम नंतर. दोन महिने ते उन्हात ओट्यावर बसून एका अधू डोळ्याने चांदीचे ठिपके पट्ट्यांवर बसवत होते, काँप्युटरला जोडायच्या पिवळ्या पिनांच्या टोप्यांना तारा डाग देऊन जोडत होते. सहा जोडांचं सगळं बिस्किटाच्या एका डब्यात भरलं आणि ऑपरेशनला जाताना तो डबा माझ्या हातात दिला. "उंदरांपासून सांभाळ," म्हणाले.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आमच्याकडची घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. जुन्या दागिन्यांतून, सोनाराच्या दुकानातल्या केरातून सोनं-चांदी वेगळी काढायची. आमचे हे सावकारपेठेत दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होते. या धंद्यातला माणूस वस्तू बघतच नाही, त्यात किती निघेल ते बघतो. लग्न होऊन आल्यावर मीही तेच शिकले. राख धुतली, केर चाळला. कुणाच्या घरी समई बघितली तरी मनात आधी तिचं वजन यायचं.

त्याच महिन्यात गावी पुतणीचं लग्न होतं. गलाईवाले लग्नाला येतात तेव्हा गाव त्यांचे कान आणि गळे बघतं. माझ्या कानात खोटी फुलं होती, खरी कधीच मोडली होती. जावा काय म्हणतील हे मला आधीच ऐकू यायला लागलं. मी डबा उघडला. मला मामांचे दोन महिने दिसले नाहीत. दिसली चांदी, आणि पिनांवरचं सोन्याचं पिवळं पाणी.

यांना सांगितलं की भंगारवाल्याकडून घेतलंय. यांनी एका दुपारी तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकलं. चांदी निघाली, तळाशी दोन गुंजा सोनं निघालं. सगळ्याचे मिळून आठशे चाळीस रुपये झाले. त्या पैशांची कानातली फुलं आली, अगदी हलकी. लग्नात मोठी जाऊ म्हणाली, "मद्रासचं सोनं दिसतंय बाई!" मी हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

मामा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आले. मी म्हटलं, "मामा, डबा गेला. मी बाहेर ठेवला होता, रद्दीवाल्याने उचलून नेला." मला रडू आलं, त्यांना वाटलं मी घाबरले आहे. तेच मला समजावत बसले. "अय्यो, रडतेस कशाला? माझी चूक. परक्याच्या घरीं ओझें ठेवलें." आणि माझ्या शिवणाचे पैसे त्यांनी त्याच दिवशी मोजून दिले. मी ते घेतलेही.

सुटीआधी सहा जोड होणं शक्यच नव्हतं. मालकाने परदेशी बनावटीची तयार चाकं आणली. मामांनी त्याचे आगाऊ पैसे परत केले, त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ विकलं. हत्यारं गोणपाटात बांधून खाटेखाली सारली. मला जास्त कशाचं वाईट वाटलं तर ते चालायला लागले याचं. हात खाली सोडून, साध्या माणसासारखे.

पैसे परत करायचं मी ठरवलं, पण सांगायचं धाडस होईना. मग मला एक सुचलं. ते पहिलं चाक माझ्याकडे होतं. त्याचं रेक्झिन काढून दुसऱ्या रंगाचं शिवलं, एक रबरी पट्टा ब्लेडने कापला आणि चाक त्यांच्याकडे घेऊन गेले. "मामा, तिकडे शहराच्या टोकाला, एन्नोरला एक गिऱ्हाईक आहे. औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहे, घरी काँप्युटर आहे. दुरुस्तीचे वीस रुपये देतो म्हणतो."

मामांनी गोणपाट सोडलं.

त्यानंतर दर दोनतीन आठवड्यांनी मी काहीतरी बिघडवायचे. कधी स्क्रू ढिला, कधी तार तुटलेली, कधी स्प्रिंग वाकवलेली. शिवणाच्या पैशांतून वीस रुपये बाजूला काढायचे आणि गिऱ्हाइकाने दिले म्हणून त्यांच्या हातात ठेवायचे. मशीनच्या खणात खडूने रेघा मारत होते. बेचाळीस रेघा झाल्या की आठशे चाळीस फिटणार होते.

पण मामांनी नुसती दुरुस्ती कधी केलीच नाही. प्रत्येक वेळी ते चाक थोडं आणखी चांगलं व्हायचं. पट्टे बदलून दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला. ब्रेकखाली लाकडाची टाच बसवली. आणि त्या नसलेल्या माणसावर त्यांचा जीव जडला. "हा मनुष्य डावीकडे फार जोरानें ओढतो," पट्टा बघून ते म्हणायचे. "घरीं कांहीं त्रास असेल. सांग त्याला, वळणाच्या आधीं वेग कमी कर, वळणांत नको." मी पुन्हा गेले की ते विचारायचे, "सांगितलेंस? काय म्हणाला?" मला उत्तर बनवावं लागायचं. "म्हणाला, आता बरं वळतं." मग मामांच्या चेहऱ्यावर दिवसभर उजेड. त्यांचे हात पुन्हा छातीसमोर आले. गल्लीतली पोरं म्हणायची, रावांची बस सुरू झाली. आणि मी दारात उभी राहून बघायचे आणि मला जेवण जायचं नाही.

एक्केचाळीस रेघा झाल्या होत्या. एका सकाळी मी पाणी भरून आले तर मामांची खोली बंद. शेजारीण म्हणाली, राव पांढरा शर्ट घालून एन्नोरला गेले, पिशवीत चाक आहे. "गिऱ्हाईक किती उंच खुर्चीवर बसतं ते बघून येतो म्हणाले. केंद्राच्या फाटकापाशी काँप्युटरवाला कोण विचारलं तर कुणीही सांगेल म्हणाले."

माझ्या हातातली घागर तशीच खाली ठेवली. ब्लाउजात पाकीट होतं, पायांत चपला नव्हत्या. बसथांब्यापर्यंत मी धावत गेले. मामा रांगेत तिसरे होते. बस येताना दिसत होती. मी चारचौघांत कधी मोठ्याने बोलले नव्हते, ती त्या दिवशी ओरडले, "मामा, एन्नोरला कुणी नाही!"

रांगेतल्यांनी वळून बघितलं. मामा बाजूला आले. बस थांबली आणि गेली.

"बदली झाली काय त्याची?" त्यांनी विचारलं.

"कुणी नव्हतंच. मीच बिघडवत होते. मीच पैसे देत होते." आणि मग डब्याचं सांगितलं. तेजाब, चांदी, आठशे चाळीस रुपये, लग्न, सगळं. खाली बघूनच सांगितलं. त्यांच्या चपलेचा एक पट्टा सायकलच्या ट्यूबचा होता, तेवढा मला दिसत होता.

 मामा थांब्याच्या कठड्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "टाका तुझा आहे हें हाताला कळत होतें. मज वाटलें, त्यानें तुझ्याकडून शिवून घेतलें." थोड्या वेळाने, "सोनें किती निघालें?"

"दोन गुंजा."

"दोनच?" त्यांना खरंच नवल वाटलं. "इतक्या पिना होत्या." मग आवाज उतरला. "माझे डोळे होते गे त्यांत. बारीक कामाचे शेवटचे."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "मामा, त्याच पैशांचं सोनं या कानांत आहे. काढून देते."

त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा माझ्या कानाजवळ आणला आणि बघितलं, जसा गिअरचा ठिपका बघायचे तसं. "राहूं दे. डावें फूल खालीं आलें आहे. फिरकी घट्ट कर."

मी पाकिटातून वीसची नोट काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही शेवटची. बेचाळिसावी." ते घेणार नाहीत असं मला वाटलं, आणि घेतली नाही तर मी काय करीन हे मला कळेना. आजूबाजूचे लोक बघत होते. 

मामांनी नोट घेतली. दुमडली, पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली, वरून एकदा हाताने दाबली.

"आठशें चाळीस," ते म्हणाले. "पुरते पावले."