अंडी फुटेपर्यंत

दोन्ही तळवे खसाखसा घासायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "बघू तर खरं!" आमच्या मोठ्या गुरुजींनी असं म्हटलं की मी कपाळाला हात लावायची. मोखाड्याच्या डोंगरातली आमची शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोनच: ते आणि मी. त्यांनी काहीही आरंभलं की निस्तरायला मीच.

तुम्ही कधी वर्गात कोंबडी पाळलीय? नाही ना? मग ते बरं की वाईट यावर मला काही शिकवू नका.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की इथली निम्मी माणसं वीटभट्टीवर कामाला जातात, पोराबाळांसकट. गेलेलं पोर जूनमध्येच दिसतं आणि तोवर बाराखडी पार विसरलेलं असतं. तिसरीतली सविता नुकती कुठे घडाघडा वाचायला लागली होती. तिच्याही घरी भट्टीवर जायची तयारी सुरू झाली. एका सकाळी ती कोंबडी काखेत धरून शाळेत आली.

"गुरुजी, हिला ठेवा. घरी असली तर बाबा विकील."

"ठेवू की! बघू तर खरं!"

मी म्हटलं, "अहो, वर्ग आहे हा! घाण होईल, वास येईल, पोरांचं लक्ष उडेल."

"बाई, आत्ता तरी कुठं असतं लक्ष?"

घ्या! कोपऱ्यात टोपली आली, टोपलीत पेंढा आला आणि चार दिवसांत कोंबडीबाई खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसल्या. गुरुजींनी गावातून अकरा अंडी मिळवून तिच्याखाली सारली. फळ्यावर लिहिलं, 'एकवीस दिवस'. सविता सोडून कुणी हात घातला की ती कडकडून टोचायची. माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

हेच धरून गुरुजी त्या संध्याकाळी सविताच्या बापाकडे गेले. मीही सोबत होते.

"अंडी फुटेपर्यंत पोरीला आजीपाशी राहू द्या."

बाप हसायलाच लागला. "काय गुरुजी! कोंबडीसाठी पोर मागं ठेवू?"

"कोंबडी तुमची, पिल्लंही तुमचीच."

त्यानं बोटांवर पिल्लं मोजली. "बरं. अंडी फुटेपर्यंत. मग तिचा मामा येईल न्यायला."

पुढचे दिवस काय सांगू! पाढे कुजबुजत म्हटले जायचे, कोंबडी दचकू नये म्हणून. ज्यांना घरून ओढून आणावं लागायचं ती पोरं रविवारीसुद्धा दारात हजर. आणि विसाव्या दिवशी सविता ओरडली, "बाई, आतून बोलतंय!"

मी पोरांना बाजूला सारून तिनं काढून दिलेलं अंडं कानाला लावलं. टिकटिक, आणि बारीकसं चिवचिव! अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्लं बाहेर! पोरं बाकांवर चढून नाचत होती आणि गुरुजी त्यांच्यात पोर झाले होते. सविता तेवढी दप्तर भरत होती.

"काय झालं गं?"

"फुटली ना अंडी. आता मी जाणार."

माझा आनंद जागच्या जागी मेला.

मामा तिसऱ्या दिवशी आला. गुरुजींनी त्याला शांतपणे दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. तिथे दुसरी टोपली होती, दुसरी खुडूक होती. ती आठवडाभर आधी त्यांनी आणली तेव्हा मी चांगली भांडले होते, एक पुरे नव्हती म्हणून दुसरी कशाला!

"शब्द काय होता? अंडी फुटेपर्यंत. ही अजून फुटायचीत."

मामानं डोकं खाजवलं, हसला, कोरा चहा प्याला आणि गेला. मी गुरुजींकडे बघतच राहिले. मग त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

त्याच महिनाअखेरीला गुरुजी निवृत्त झाले. शाल घेतली, नारळ घेतला, पोरांच्या गालांवरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसले. पुढं काय करायचं ते मला एका शब्दानं सांगितलं नाही.

आठ दिवसांत दुसरी टोपलीही रिकामी झाली. ती कोंबडी पिल्लांना घेऊन अंगणात उकरत होती आणि मामा वर्गाच्या दारात उभा राहिला.

"बाई, आता तरी फुटली ना अंडी?"

कोपऱ्यातल्या टोपलीवर गोणपाट होतं. खाली फक्त माझा जेवणाचा डबा. त्या क्षणी गुरुजींची इतकी आठवण आली की त्यांचा रागच आला. सविता पुस्तक उघडून बसली होती, पण ओळीवरचं बोट हलत नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "ही तिसरी आहे. आत्ताच बसलीय. जवळ जाऊ नका, उठेल ती."

मामानं टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

"वाच गं सविता, थांबलीस कशाला?" मी चौथीच्या पोरींना वर्ग सांभाळायला सांगितला, पदर खोचला आणि गावात पळत सुटले. दिसेल त्या दारात ओरडत होते, "खुडूक आहे का हो? कुणाकडे खुडूक आहे का?"