एका उमेदवाराचा एकच माणूस

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत भिंतीलगत एक बाक असतो. त्यावर उमेदवारांचे एजंट बसतात. मतदार आत आला की अधिकारी त्याचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचतो. आपण आपल्या यादीत ते शोधून पेन्सिलीने खूण करायची आणि काही गडबड वाटली तर हरकत घ्यायची. एवढंच काम. बाळकुमच्या शाळेत मी ते वीस वर्षं केलं, आणि दर वेळी हरणाऱ्या पक्षासाठी केलं.

माझ्या शेजारी दर वेळी तोच माणूस असायचा. जिंकणाऱ्या पक्षाचा. मूळ बाळकुम गावातला, कोलशेतच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला, आवाज असा की कुजबुजला तरी रांगेत ऐकू जायचं. गावात अर्ध्या यादीचं आडनाव एकच. त्यामुळे बाई आत आली की तो ओरडायचा, "नवऱ्याचं नाव वाचा!" प्रत्येक बाईला. मी वैतागायचो.

"अरे, संध्याकाळपर्यंत रांग संपायला नको का?"

"रांग गेली उडत. तू तुझी यादी बघ."

मग मीही हट्टाने त्याच्या ओळखीच्या लोकांचे फोटो ताडून बघायला लावायचो. दिवसभर हेच. जेवायच्या सुट्टीत बाहेर येऊन पिंपळाखाली आणखी मोठं भांडण: रस्ते, पाणी, त्याच्या पक्षात कोण शिरलं, माझ्या पक्षातून कोण पळालं. "तुमचे लोक डिपॉझिट वाचवायला उभे राहतात," म्हणायचा, आणि तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्या पुढ्यात सरकवायचा. मी बायकोने दिलेली थालीपिठं काढायचो. ही गेल्यावर पहिल्या निवडणुकीला मी हॉटेलातलं पार्सल घेऊन गेलो. त्याने ते पाहिलं. पुढच्या वेळी डब्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या.

दोन निवडणुकांच्या मधल्या काळात आम्ही एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही. नाक्यावर दिसलो तर हात वर करायचा, बस. पण खरं सांगायचं तर ही गेल्यानंतर तसली सोबत मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही. मुलगा परदेशातून दर रविवारी फोन करतो आणि मी म्हणेन त्याला हो म्हणतो. बिल्डिंगच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे, तिथे नुसती फुलं येतात. माझं बोलणं खोडून काढण्याइतकं लक्ष देऊन ऐकणारा तेवढा एकच माणूस उरला होता, आणि मी निवडणुकीची वाट बघायचो ती त्याच्यासाठी.

गेल्या वेळी आमच्या दोन पक्षांची युती झाली. उमेदवार त्यांचा, पाठिंबा आमचा. मला रागही आला आणि बरंही वाटलं. म्हटलं, चला, आता बाकावर निवांत बसू. आदल्या दिवशी पास घ्यायला गेलो तेव्हा कळलं, एका उमेदवाराचा आत एकच माणूस. दुसरा बाहेर थांबणार, पहिला उठला की मगच आत. भांडत होतो तोवर शेजारी बसायला मिळत होतं. आता एका बाजूचे झालो, तर दारात पास आणि यादी हातात द्यायची आणि निघायचं.

सकाळी तो बसला. दुपारी दारात मला यादी देताना म्हणाला, "सगळं ओके आहे," आणि गेला. समोरच्या पक्षाचा माणूस सकाळी सही करून चहाला गेला होता, तो परत आलाच नाही. बाकावर मी एकटा. अधिकारी नावं वाचत होता, मी खुणा करत होतो. कोणी काही विचारत नव्हतं. रांग भराभर सरकत होती, आणि मला जांभया येत होत्या.

तीनच्या सुमारास आमच्याच बिल्डिंगमधल्या, हिची मैत्रीण असलेल्या बाई आल्या. अधिकाऱ्याने यादी पाहिली आणि म्हणाला, "तुमचं मतदान झालंय." त्यांच्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या एक बाई तासाभरापूर्वी येऊन गेल्या होत्या. चिठ्ठी आणली नव्हती म्हणून नावावरून शोधलं होतं आणि भलत्याच ओळीवर खूण झाली होती. माझ्या यादीतही तिथेच खूण होती, माझ्या हातची. फरक फक्त नवऱ्याच्या नावात होता.

त्यांना कागदी मतपत्रिका दिली. ती पाकिटात बंद होते आणि एरवी मोजतही नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हे मत धरतील ना?" मी यादीतल्या त्या खुणेकडे बघत राहिलो. जाताना म्हणाल्या, "तुम्ही आत आहात म्हणून मी निर्धास्त होते हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मशीन सील झालं. अधिकाऱ्याने कागद पुढे केला. हरकत घेतलेली मतं: निरंक. पाकिटात ठेवलेलं मत: एक. मी सही केली.

फाटकाबाहेर तो उभा होता, कपाळाला गुलाल लागल्यासारखा खूश. निकाल लागायचा होता, पण त्याला लागलेलाच वाटत होता. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा शाळा डोक्यावर घेणार. मला तेच हवं होतं.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "आपल्यालाच पडलं असेल ते पण."

"नवऱ्याचं नाव वाचायला लावायला हवं होतं मी."

त्याला वाटलं, मी त्याची नक्कल करतोय. तो मनापासून हसला.

"हसू नकोस," मी म्हटलं. "भांड माझ्याशी."

"आता कशाला भांडू? आता आपण एकाच बाजूचे ना," असं म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.