जालन्याला गरज नाही

"हा परिच्छेद वाचा. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

समितीच्या अध्यक्षांनी माझ्यापुढं जर्नल सरकवलं आणि खुर्चीत मागं रेलले. नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलेजची ती मीटिंगची खोली. प्राचार्य, विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीचे प्राध्यापक, माझे मार्गदर्शक, आमचे ग्रंथपाल शेख सर. बाई मी एकटीच. आमच्या वस्तीतली तर तिथवर पोचलेली मी पहिलीच.

मी वाचायला लागले. मोसंबीच्या मुळांच्या रोगावरचा लेख. माझाच विषय. दुसऱ्याच ओळीत एक शब्द आला. मी 'डेब्रिस' असा वाचला.

"डेब्री," अध्यक्ष म्हणाले. "तो शेवटचा एस मुका असतो, बाई."

एकजण फिसकन हसला. मंग दुसरा. प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"वाचा, वाचा. थांबू नका."

मी वाचत गेले. कान तापले. ज्या शब्दांची बिलकुल भीती नव्हती, तेही अडकायला लागले. परिच्छेद संपेस्तोवर त्यांनी मला सोडलं न्हाई.

ते शब्द मी डोळ्यांनी शिकले होते. कानांनी कधी ऐकलेच नव्हते. आमच्या गावच्या, धावड्याच्या शाळेत कोण बोलणार होतं तसं? पण अर्थ मला ठाऊक होता. डेब्रिस म्हणजे झाडाखाली कुजणारा पाचोळा. माझा बाप शहागडच्या बाजूला मोसंबीच्या बागांत रोजानं जायचा. डिंक्या लागला की बुंध्यातून डिंक गळतो आणि उभं झाड वाळून जातं. मालक म्हणायचा तोड, बाप तोडायचा. झाड संपलं की रोजगार संपला. ते काऊन वाळतं, हे शोधायला मी पीएच.डी.ला नाव घातलं. पोटासाठी कॉलेजात तासिकेवर शिकवत होते.

मीटिंग कशाची होती, ते सांगते. विद्यापीठ परदेशी जर्नलं गठ्ठ्यानं घ्यायचं. प्रकाशक सुटं जर्नल देत नसे. युरियाच्या गोणीसोबत दुकानदार नको ती बाटली गळ्यात मारतो ना, तसं. हवं ते एक पाहिजे तर नको ती ढीगभर घ्या. वरून दरवर्षी भाव चढा. ती जर्नलं आमच्या कॉलेजच्या संगणकावरही उघडायची. ग्रंथालयातला तो एक संगणक म्हणजे माझी सगळी प्रयोगशाळा. आता विद्यापीठाला खर्च झेपेना. गठ्ठा ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती आमचं मत घ्यायला आल्ती. संशोधक विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला मला बोलावलं. मी रात्रभर मुद्दे काढले होते. मुद्दे कुणी विचारलेच न्हाईत.

अध्यक्षांनी जर्नल मिटलं.

"बघितलंत? वाचता येत नाही, आणि म्हणे जर्नल पाहिजे. तुम्हा लोकांना फी माफ, फेलोशिप, आता हेही." मंग आवाज मऊ केला. "असं करू. विद्यापीठाच्या मुख्य आवारात गठ्ठा चालू ठेवू. जिल्ह्याची कॉलेजं वगळू, म्हणजे प्रकाशक भाव कमी करतोय. बाई, तुम्ही एवढंच म्हणा, जालन्याला गरज नाही. इतिवृत्तात तेवढं घेऊ."

तेव्हा मला बराबर कळलं. मला कशाला बोलावलं आणि मंग कशाला वाचायला लावलं. आधी लाज आणायची. लाजलेलं माणूस मान डोलावतं.

मी माझ्या मार्गदर्शकांकडं बघितलं. ह्याच जर्नलातला लेख दाखवून त्यांनी मला विषय दिला होता. ते टेबलावरच्या काचेत बघत राहिले. हसणाऱ्यांचं मला एवढं लागलं न्हाई. ते लागलं.

"न्हाई," मी म्हणाले.

आवाज फाटला, पण बाहेर आला.

"काय नाही?"

"मी तसं म्हणणार न्हाई. गरज हाये. मला हाये, माझ्यामागून येणाऱ्यांना हाये. झेपत न्हाई तर गठ्ठा बंद करा, सर. पण सगळ्यांचा करा, तुमच्या विभागाचाही. लागतील ती मोजकी घ्या आणि सगळ्यांना द्या. तुमचं चालू, आमचं बंद, आणि ते माझ्या तोंडून? न्हाई."

आता कुणी हसलं न्हाई.

"तुमचा प्रबंध अजून माझ्यापुढं यायचाय," अध्यक्ष हळू म्हणाले. "लक्षात असू द्या."

बाहेर व्हरांड्यात शेख सरांनी गाठलं. "बेटा, हो म्हणून टाकायचं होतं. जल्दी सुटली असतीस."

"सर, तुम्ही का न्हाई बोललात? रोज बघता मला तिथं बसलेली."

ते चष्मा पुसत राहिले.

धावड्याला गेल्ते तेव्हा मायला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"तुला येत न्हाई म्हणून हसले का?"

"न्हाई माय. मला येतं म्हणून."

मी बोलले म्हणून जर्नलं टिकली, असं झालं न्हाई. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या संगणकावर ती उघडेनात. मुख्य आवारात चालू राह्यली. इतिवृत्तात आलं, सर्वांशी चर्चा करून निर्णय. माझा प्रबंध अध्यक्षांकडून परत आला. शेरा एकच, भाषा सुधारावी. काय सुधारायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी सकाळच्या गाडीनं विद्यापीठाच्या आवारात जाऊन वाचायचे. दारातला माणूस म्हणायचा, बाहेरच्यांना परवानगी न्हाई. मी रोज भांडायचे. कधी आत सोडायचा, कधी दिवसभर पायरीवर.

पुढच्या वर्षी जर्नलांचं ठरवायला समिती पुन्हा आली. ह्या वेळी मला बोलावणं नव्हतं. मी गेले. खुर्ची ओढली आणि बसले.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग उठा."

मी उठले न्हाई. माझा विरोध माझ्या नावानिशी लिहून घ्या म्हणाले. त्यांनी माझ्या तासिका बंद करायची धमकी दिली, आणि नंतर केल्याही. पण त्या दिवशी लिहावं लागलं.

आता माझं ठरलंय. आमच्या पोरांनी काय वाचायचं, हे आमच्या पाठीमागं ठरणार असेल, तर मी तिथं जाऊन बसणार. दर वेळी. उचलून बाहेर काढलं, तर दारात बसणार. आमच्या नावानं होकार कुणाला मिळणार न्हाई.