इब्राहिमचाचांनी बांधलेला डावा हात

अमरावतीचा एक गाडीवान गेल्या महिन्यात अकोल्यात आमच्या दारी आला, पाणी प्याला आणि तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाला, “तुमचे इब्राहिमचाचा गेले जी.” ते ऐकून माझा डावा हात मिशीकडे निघाला… आणि अर्ध्या वाटेत थांबला. तो का थांबला, हे आजवर तिघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक गेला, म्हणून आता सांगून टाकतो.

दूरदेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा मी अमरावतीला एका अडत्याकडे मुनशी होतो. माझी बायको गोदावरी घरी हाताच्या चरकीवर कापसातली सरकी काढायची. चरकी तिच्या आईची. आई गेली, तेवढी एक वस्तू तिच्या हाती राहिली. त्या वर्षी लोक बैलांच्या शिंगांनाही पितळी शेंब्या बसवत होते. मग आपल्याच चरकीला लाकडाची मूठ का? असं माझ्या डोक्यानं घेतलं आणि मी चालती मूठ करवतीनं कापून टाकली.

“अवो, चांगली चालत होती, कापली कावून?”

“पितळी मूठ बसवून राहिलो तिले.”

“माह्या मायची चरकी हाये ते! फिरंपर्यंत माह्यासंगं बोलू नका.”

चरकी फिरवायच्या लोखंडी दांडीला पितळी मूठ जोडायची, त्यात काय मोठंसं? मी गोठ्यात भट्टी मांडली आणि दोन्ही एकदमच निखाऱ्यात घातली. लोखंड नुसतं लाल होतंय, तोवर मूठ वितळून राखेत जाऊन बसली. दुसरी मूठ आणली, कथील वितळवून सांध्याला त्याचा डाख लावला. अशी झकास बसली की मी गोदावरीला बोलावून आणलं. तिनं दोन फेरे दिले. मूठ तिच्या हातात आली. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी दांडी आणि मूठ घेऊन मशिदीमागच्या गल्लीत चाचांकडे गेलो. तांब्या-पितळेची भांडी घडवणारा, झाळून जोडणारा म्हातारा माणूस. “चाचा, एवढं जोडून द्या.”

चाचांनी मूठ कापलेल्या दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी जोडून देईन, मुनशीजी. पन उद्या तुमी घरातली दुसरी चीज कापसान. खुद जोडा, मंग कापाची हौस मिटंल.”

आठ दिवस रोज सकाळी मी त्यांच्या भट्टीपुढं बसलो. लोखंड आधी तापवायचं, पितळ जवळ थांबवून ठेवायचं. “लोखंड जिद्दी हाये, त्याले वक्त द्या. पितळ कच्च्या दिलाचं, लवकर पाझरते.” सांधा चकचकीत घासायचा, डाख नीट वाहावा म्हणून टाकणखार पसरायचा, तो काचेसारखा वितळला की जस्त जास्त घातलेल्या, लवकर वितळणाऱ्या पितळेचा डाख सोडायचा. सगळं तसंच केलं. तरी डाख लोखंडावरून पारा घरंगळावा तसा खाली पडे. चार वेळा पडला. पाचव्या वेळी चाचा भाता सोडून माझ्याकडेच बघत बसले.

“मुनशीजी, आता हात कुठं गेला होता?”

“कुठं?”

“मिशीवर! सांधा चमकला की तुमी मिशीले पीळ देता, अन् मंग तेच तेलाचं बोट सांध्यावर फिरवून पाहता. पितळ पकडंल कसं? तुमच्या मिशीले पकडंल!”

त्यांनी राखेनं माझे दोन्ही हात चोळले, माझ्याच उपरण्यानं डावा हात पाठीमागं बांधला आणि सांडशी उजव्या हातात दिली. भाता ते मारत राहिले. लोखंड लाल झालं, टाकणखार चमकला आणि डाख सांध्यात शिरला… पाणी मातीत शिरावं तसा.

थंड झाल्यावर चाचांनी मुठीवर हातोडीनं अलगद टिचकी दिली. “दांडीले कान लावा. दोन आवाज आले तर दोन चिजा. एक आला तर एक.”

एकच आला.

चरकी फिरली. गोदावरी पहिल्यांदा बोलली ती चाचांशीच. त्यांच्याकडे जाऊन तिनं विचारलं, “चाचा, खरं सांगा, जोडलं कोनं?”

“हात मुनशीजीचा, बेटी. मी नुसता भाता मारला.”

डावा हात बांधला होता, हे ते बोलले नाहीत. तिला मीच सांगितलं, आणि ती किती हसली! बाजारात चाचांनी ही गोष्ट कुणापाशी काढली असती तर मला गल्लीतून जाणं मुश्किल झालं असतं. त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही.

गाडीवान येऊन गेला त्या दिवशी गोदावरीनं चरकी बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन बसली, पण फिरवेना. माझ्याकडे बघून म्हणाली, “कान लावा.” मी गुडघे टेकले, दांडीला कान लावला. तिनं बांगडीनं मुठीवर टिचकी दिली.

अजून एकच आवाज येतो, चाचा.