बॉयलरला लावलेला साबण

घरी बनवलेल्या, वाफेवर चालणाऱ्या वीतभर इंजिनाच्या बॉयलरला आज साबणाचा फेस लावला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. सांधा गळत असला की तिथं बुडबुडा येतो. तो शोधायचं काम बायकोचं. "इथनं श्वास घेतंय बघा तुमचं लेकरू," म्हणायची. तिला जाऊन चार महिने झाले. मला अजून रडू आलं नाही. माणूस कुठनं गळतो ते फेस लावून कळत नाही.

बुडबुडा आला, फुटला. मग हातातल्या साबणाकडं लक्ष गेलं. मोरीत तसाच ठेवलेला, तिच्या हातानं झिजलेला तुकडा. फेसासाठी मीच घासून संपवत आणला होता.

सांधा डाख देऊन झाळला की गळती बंद होईल. झाळला नाही. फेस वाळेपर्यंत हवा भरत बसलो.