टोमणेकाकी

कधी कुणाच्या हाती ही पानं लागलीच, तर अक्षराकडे बघू नये. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लिहायची वेळ फारशी आली नाही. ऱ्हस्व-दीर्घही चुकले असतील, त्याची माफी असावी. काकी आता बाजारात बसत नाही. तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते.

काकीचं तोंड रत्नागिरीच्या मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रागावून बोलायची नाही. पाटीत मासे मांडता मांडता, मान वर न करता बोलायची, आणि गिऱ्हाईक हसत हसत ठरवलेल्यापेक्षा जास्त घेऊन जायचं. मी तिच्या शेजारी विळी घेऊन बसते, लोकांचे मासे कापून देते. चार माणसांत मला बोलायला होत नाही. कापायचे पैसेसुद्धा काकीच सांगायची. कुणी माझ्याशी घासाघीस केली तर म्हणायची, "तिच्याशी नको, माझ्याशी भांड. तिला भांडता येत नाय, तुलाच लाज वाटंल."

तिची एक रीत होती. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघितल्याशिवाय ती पैसे हातात घेत नसे. कुणी घाईत नोट पुढे केली तर ती नोट तशीच राहायची. "आधी बघ. मागाहून माझ्या नावानं बोंबलायचं नाय."

गणपतीपुळ्याला निघालेल्या एका पाहुण्याने व्हिडिओ काढायला फोन तिच्यासमोर धरून विचारलं, मासा ताजा आहे ना? काकी म्हणाली, "मासा आत्ता पाण्यातनं आलाय. तू आंघोळ करून आलास काय?" एवढंच. थोड्याच दिवसांत ते ज्याच्या त्याच्या फोनवर दिसायला लागलं. टोमणेकाकी हे नाव फोनवर बघणाऱ्या लोकांनीच ठेवलं. मग गाड्या थांबवून माणसं यायची आणि म्हणायची, काकी, आम्हाला पण काहीतरी बोला. सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे ती म्हणायची, "बोलून झालं, आता बांगडे घ्या." बांगडे कुणी घेत नसे.

तिचा मुलगा दिनेश होडीवर जातो. त्याने काकीचा फोटो छापलेली पाकिटं करून आणली आणि सुकी मासळी फोनवरून विकायला काढली. काकी दर उन्हाळ्यात अंगणात बोंबील आणि जवळा वाळवायची, घरापुरता आणि ओळखीच्या चार घरांपुरता. तो माल लगेच संपला. मागण्या येतच होत्या आणि पैसे आधीच जमा होत होते. त्या पैशांतून दिनेशने होडीला नवं इंजिन बसवलं. मग पाकिटं भरायला कुठल्याशा व्यापाऱ्याची पोती उचलली.

पोती उघडली तेव्हा मी तिथे होते. काकीने मूठभर जवळा घेऊन हातावर चोळला. हाताला वाळू लागली. माल नीट वाळलेलाही नव्हता. ती म्हणाली, "हे न बघता कोण घेणार?"

"आई, त्यांनी घेतलंय. पैसे देऊन बसलेत."

सगळ्या बाजाराला बोलणारी काकी खाली बसली आणि पाकिटं भरायला लागली.

पावसाच्या हवेत त्या मालाला बुरशी आली. लोकांनी पाकिटं फोडतानाचे व्हिडिओ टाकले. एकाने त्याला काकीचं आंघोळीचं वाक्य जोडलं. माणसं पुन्हा हसली, पहिल्याइतकीच. दिनेश म्हणाला, फोन बंद ठेव, लोक विसरतात. तेव्हा काकीने त्याला विचारलं, "पाकिटावर थोबाड कुणाचं हाय? तुझं का माझं?"

सगळ्यांचे पैसे परत करायचे असं तिने ठरवलं. वापरलेलं इंजिन त्या भावात कोण परत घेणार? तिच्या पाटल्या गेल्या, मग गळ्यातलं गेलं. उरलेले ती रोजच्या विक्रीतून एकेकाला धाडत राहिली. त्यात तिचं बोलणं थांबलं. कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करत होतं आणि कापायचे पैसे माझे मीच सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शेवटी देवरूखचं एक घर राहिलं. तिथला फोन लागत नव्हता. दिनेश म्हणाला, सोड आता. काकीने पार्सलवरचा पत्ता त्याच्याकडून लिहून घेतला आणि मला सोबत घेऊन एस.टी.त बसली.

घर सापडलं. म्हातारे नवरा-बायको होते. त्यांना ते पाकीट आठवावं लागलं. बाईंनी चहा केला. काकीने नोटा पुढे धरल्या, तर गृहस्थ म्हणाले, एवढ्याशा पैशांसाठी रत्नागिरीहून आलात? राहू दे ते.

बाई म्हणाल्या, "पैसे नकोत हो. त्यापेक्षा आमच्या ह्यांना एकदा तसं बोला ना. फार हसायचे तुमचं ऐकून."

गृहस्थ खुर्चीत जरा सावरून बसले. काकी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बोलेल.

"आता नाय येत, बाई," ती म्हणाली. "पैसे घ्या."

तिचा हात तसाच पुढे होता. बऱ्याच वेळाने गृहस्थांनी नोटा घेतल्या आणि खिशात ठेवल्या. काकीने चहा संपवला. आम्ही उठलो. आता कुणाचं काही द्यायचं राहिलं नव्हतं.